आठ इंच माती

लास पालोमितास, टेक्सास
१४ सप्टेंबर २०१६

नीनो,

आधी हात पुढे करा, मुका घेते, मगच लिहायला बसते. बाप्तिस्म्याच्या वेळी मला हातांवर धरून पाण्याखाली नेणारे धर्मपिता तुम्ही, तेव्हा आशीर्वाद मागायचा हक्क माझाच. तुम्ही अमारिलोला लेकीकडे जाऊन बसलात म्हणून तो काही बुडत नाही. मी फोन करून पाहिला होता. तुम्ही चार वेळा "कोण?" म्हणालात आणि पाचव्यांदा मिनर्व्हाला ओरडून सांगितलंत, "कोणीतरी विमा विकतंय!" म्हणून हे पत्र.

छातीचे टाके भरले का? मिनर्व्हा जेवणात मीठ घालते का? आई रोज विचारते. म्हणजे विचारत नाही, नुसतं म्हणते, "एवारिस्तोचं पत्र नाही का काही?" आणि भांडी घासायला लागते.

आता मुद्द्याचं. तुम्ही जुलैत गेलात तेव्हापासून आपला कचरा डेपो बिनमालकाचा झालाय. राज्याच्या ऑफिसातून काउंटीला पत्र आलंय की परवाना असलेला सुपरवायझर एक मार्चपर्यंत नेमा, नाहीतर फाटकाला कुलूप लावा. कुलूप लागलं की आपल्या गावाचा कचरा चौसष्ट मैल लांब. चौसष्ट मैल कोण जातंय हो? कुठे जाईल तो कचरा, तुम्हाला वेगळं सांगायला नको. ओढ्यात. जाहिरात दिली तर दोनच माणसं आली. एकाने गाडीचं इंजिनही बंद केलं नाही, काच खाली केली, वास घेतला, काच वर केली आणि गेला. दुसऱ्याने गावात सुशी मिळते का विचारलं.

मग सोमवारी कमिशनर बाई स्वतः आल्या. पांढरे बूट घालून! आम्हा सगळ्यांना शेडमध्ये उभं केलं आणि म्हणाल्या, "तुमच्यातलं कोणी आहे का?" आपला चेमो अठरा वर्षं रोलर चालवतो, मला वाटलं तो हात वर करेल. त्याने बोट वर केलं आणि माझ्याकडे रोखलं. मी मागे वळून पाहिलं, मागे कोणीच नव्हतं. "मला अक्षरं दिसली की झोप येते," म्हणाला, "आणि हिला झोपच येत नाही. हिलाच करा."

तर असं आहे. ढिगावर काम केल्याची वर्षं ज्याच्याकडे पुरेशी नाहीत, त्यालाही तात्पुरता परवाना मिळतो म्हणे. तीन दिवसांचा वर्ग, मग परीक्षा. पास झालं की सुपरवायझर म्हणून काम करायचं आणि दोन वर्षं भरली की पक्का परवाना. मी बारा वर्षं काट्याच्या केबिनमध्ये बसून ट्रकांची वजनं लिहितेय, त्यातलं एक मिनिटही धरत नाहीत. शाळेचं सर्टिफिकेटही मी बाहेरून परीक्षा देऊन तिशीत मिळवलंय. मला हे जमेल का? खरं सांगा. तुम्ही नको म्हणालात तर मी अर्ज फाडून टाकेन, आणि तोही आपल्याच ढिगात पुरेन.

आणखी एक. बारा वर्षं पोटात ठेवलंय. मी नवीन होते तेव्हा झाडांच्या फांद्यांखाली लपवलेल्या गाडीच्या बॅटऱ्यांचा ट्रक माझ्या काट्यावरून आत गेला होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही माझ्या हातात ती इंचांच्या खुणांची सळई दिलीत आणि म्हणालात, "आजपासून साडेचारला केबिन बंद कर, वर ये आणि कचऱ्यावर पांघरलेली माती मोज. शिक्षा आहे." तेव्हापासून रोज मी ढिगावर सळई खुपसत फिरते आणि तुम्ही बाजूला उभं राहून शिक्षेची हजेरी मांडता. एका ट्रकची इतकी शिक्षा? आता तरी सांगा.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ओरालिया

•

अमारिलो
२५ सप्टेंबर

पोरी,

विमा विकणारी तू होतीस होय! मी तुला दोन शिव्याही दिल्या, त्या परत घेतो.

इथे माझं उत्तम चाललंय. असं लिहावं लागतं, कारण पत्र टाकायला मिनर्व्हा नेते आणि ती उघडून वाचते. मिनर्व्हा, वाचत असशील तर भोपळ्याचं सूप छान होतं. ओरालिया, नव्हतं. टॉर्टिया पिशवीतून काढून देतात इथे, पोरी. पिशवीतून! त्या गरम केल्या तरी पिशवीच्याच लागतात.

अर्ज फाडायचं काय बोलतेस? मी चौऱ्याऐंशी साली सुपरवायझर झालो तेव्हा मला धड इंग्रजी वाचता येत नव्हतं. कर अर्ज. आजच कर. चेमोला माझ्याकडून सांग की अठरा वर्षांत त्याने एक काम डोकं चालवून केलं, ते हेच.

पुस्तकाला भिऊ नकोस. पुस्तकं लिहिणारे ढिगावर चढत नाहीत. परीक्षेत कुठे अडलीस तर डोळे मीट आणि आपल्या ढिगावर उभी राहा. संध्याकाळ झालीय, चेमो शेवटची फेरी मारतोय, मी खाली टोपी घालून उभा आहे असं बघ. मी त्या वेळी काय केलं असतं ते आठव आणि तेच लिही. बत्तीस वर्षांत माझ्या डेपोवर राज्याचा माणूस एकदाही खोट काढू शकला नाही. माझं उत्तर चुकायचं नाही.

सळईचं विचारतेस. राहू दे ते. चालून चालून तब्येत चांगली राहिली ना तुझी? मग झालं.

तुझ्या आईला नमस्कार. तिला मी वेगळं लिहीत नाही, तिला माझी पत्रं आवडत नसावीत.

तुझा नीनो,
एवारिस्तो सालिनास

•

लास पालोमितास
२९ ऑक्टोबर

नीनो,

तुम्ही "कर" म्हणालात आणि मी केला! सान अँटोनियोला जाऊन तीन दिवसांचा वर्गही करून आले. बावीस पुरुष आणि आम्ही दोघी. दुसरी कुठल्याशा कंपनीचं जाकीट घालून आली होती, तिच्याकडे चार रंगांची पेनं. शिकवणारे गृहस्थ प्रत्येकाला "तुम्ही काय करता?" विचारत होते. मी म्हटलं, "वजन लिहिते." सगळे हसले. मग त्यांनी विचारलं की ढिगाखालून काळं पाणी झिरपतं ते कसं ओळखाल, आणि सगळे पुस्तक चाळायला लागले. मी म्हटलं, "आमच्याकडे उताराच्या पायथ्याशी गवत अचानक फार हिरवं दिसलं की आमचे सुपरवायझर तिथे खणायला लावतात." ते म्हणाले, "तुमचे सुपरवायझर कोण?" मी तुमचं नाव असं सांगितलं की माझीच मला लाज वाटली, इतकी छाती फुगवून.

पुस्तक चेमोच्या डब्यातल्या बरिटोएवढं जाड आहे. केबिनमध्ये उघडं ठेवते. आता सगळ्या गावालाच माझी परीक्षा आहे. टायरवाला डॉन फिदेन्सिओ खिडकीशी ट्रक थांबवतो आणि पावती घ्यायच्या आधी विचारतो, "बोल, मेलेली गाय आली तर?" मी उत्तर दिलं की मान हलवतो, जसं काही त्याला ते ठाऊकच होतं! आईने सगळ्या गल्लीत सांगून ठेवलंय की तिची पोरगी आता कचऱ्याची राणी होणार. मी म्हटलं, आई, गप्प बस. ती म्हणाली, राणी नाही तर नाही, पण बूट तरी नवे घे.

आठ नोव्हेंबरला परीक्षा. अडले की डोळे मिटेन आणि तुमची टोपी शोधेन. तुम्ही पाठीशी आहात म्हणून भीती वाटत नाही. खरंच नाही वाटत.

तुमची,
ओरालिया

•

लास पालोमितास
२२ नोव्हेंबर

नीनो,

इकडे सगळं ठीक. परीक्षा झाली. या लोकांचे निकाल वगैरे कधी लागतात कोण जाणे, सरकारी कामं तुम्हाला ठाऊकच आहेत.

हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झालाय. यंदा फार आली. सोमवारी अकरा, मंगळवारी चौदा, बुधवारी फक्त तीन कारण पाऊस होता. ह्यूस्टनहून आलेले शिकारी शिंगं कापून घेतात आणि उरलेलं पोत्यात भरून आणतात, आणि पोत्यात काय आहे विचारलं तर म्हणतात "पानं". रक्त गळणारी पानं! मी सगळी पोती उघडायला लावते. एकाने माझी तक्रार करायची धमकी दिली. मी त्याला म्हटलं, करा, नाव लिहून देऊ का. गिधाडं पण यंदा जास्त आहेत. काल चेमोच्या रोलरच्या टपावर दोन बसली होती आणि उडायला तयार नव्हती. त्याने त्यांची नावं ठेवलीत.

तुमची तब्येत जपा. बर्फ पडायला लागलं का? अंगावर लोकरीचं घालत जा. आई बरी आहे.

ओरालिया

•

अमारिलो
२ डिसेंबर

पोरी,

तू मला हरणं, पोती आणि गिधाडं पाठवलीस. परीक्षा दीड ओळीत उरकलीस. पत्राच्या शेवटी "तुमची" लिहायलाही विसरलीस. मला ऐकू येत नाही, पण वाचता येतं.

मला कळलंय. तू पास झालीस आणि मला सांगायला जीभ रेटत नाहीये. म्हाताऱ्याची जागा घेतली, म्हाताऱ्याला काय वाटेल, बरा होऊन परत यायची आशा धरून बसला असेल, असंच ना? तर ऐक. मी परत येणार नाही. डॉक्टरने ऑगस्टमध्येच सांगितलं की धूळ आता मला चालायची नाही. मी कोणाला सांगितलं नव्हतं, पहिल्यांदा तुलाच सांगतोय. (मिनर्व्हा, तू दुसरी.) चार महिने मी इथे खिडकीत बसून मनातल्या मनात रोज संध्याकाळी फाटक बंद करतो. पाच वाजले की मिनर्व्हा म्हणते, "पपा, फाटक बंद झालं का?" आणि मी हो म्हणतो तेव्हा ती कॉफी देते.

माझी टोपी शेडमधल्या खिळ्याला आहे. ती घे. आतून जरा धू. तुझ्या डोक्यावर असेल तर मला इथे सुखाने कॉफी पिता येईल. मला वाईट वाटलेलं नाही, उलट पोरी, मी देवाचे आभार मानतो की फाटकाची किल्ली अनोळखी माणसाच्या खिशात जाणार नाही.

आता सरळ लिही. किती मार्क?

तुझा नीनो

•

लास पालोमितास
१० डिसेंबर

नीनो,

तुमचं पत्र केबिनमध्ये वाचलं आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला. तीन ट्रक हॉर्न वाजवत उभे होते, उभे राहू दिले.

मी नापास झाले.

दोन प्रश्नांनी. निकाल त्याच दिवशी कळला होता, मी खोटं लिहिलं. तुम्ही टोपी देऊ केलीत आणि मी नापास आहे, आता सांगा, मी कोणत्या तोंडाने ती खिळ्यावरून काढू? टोपीकडे बघवत नाही म्हणून मी आता शेडच्या मागच्या दाराने जाते. आणि ते धुळीचं! चार महिने एकट्याने हे पोटात ठेवलंत!

आणि का नापास झाले तेही सांगते, कारण तुम्ही विचारल्याशिवाय राहणार नाही. घरी आल्यावर आठवतील तेवढे प्रश्न पुस्तकाशी ताडून पाहिले. जे चुकले त्यातले पाच तुमचे आहेत, नीनो. अडले तिथे डोळे मिटले, ढिगावर उभी राहिले, तुम्ही काय करता ते पाहिलं आणि तेच लिहिलं. दिवसाअखेर कचऱ्यावर किती इंच माती पांघरायची? चार पर्याय होते, त्यात आठ होतं. मला दुसरा कुठला आकडा दिसलाच नाही. बारा वर्षं सळईवर मी आठची खूण बघतेय! पुस्तकात सहा आहे. वर्गात तर मी सहा वाचलंही होतं आणि वाटलं होतं की ही छपाईची चूक असेल. जोराचा वारा सुटला तर काय कराल? मी लिहिलं, फाटक बंद. पुस्तक म्हणतं, जाळ्या लावा आणि आडोशाला काम चालू ठेवा. सगळं तसंच. जिथे जिथे तुम्ही कायद्याच्या पुढे गेलात, तिथे तिथे मी तुमच्यामागे आले आणि पडले.

म्हणूनच सांगितलं नाही. तुम्हाला वाटलं असतं की तुमच्यामुळे झालं. तुमच्यामुळे नाही झालं. मला जे काही येतं ते सगळं तुमच्यामुळे.

सतरा जानेवारीला आणखी एकदा बसता येईल. मार्चच्या आधी तेवढीच एक संधी. पण पुस्तक उघडलं की प्रत्येक ओळीला वाटतं मी तुम्हाला खोटं पाडतेय. चेमो म्हणाला, "सहा लिही आणि सुट." मला लिहवत नाही. काय करू?

तुमची (या वेळी विसरले नाही),
ओरालिया

•

अमारिलो
१९ डिसेंबर

पोरी,

मी इतका हसलो की मिनर्व्हाला वाटलं टाके उसवले. ती पळत आली, तिने पत्र वाचलं आणि तीही हसायला लागली. मग आम्ही दोघं रडलो. मग तिने अंड्यात मीठ घातलं. तुझ्यामुळे जुलैपासून पहिल्यांदा मीठ मिळालं, थँक्यू.

अगं वेडे, कायदा सहाच म्हणतो. पुस्तक बरोबर आहे. मी तुला कधी सांगितलंच नाही की दोन इंच माझे आहेत. चूक माझी, तुझी नाही. मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की माझं उत्तर चुकायचं नाही!

ते दोन इंच कुठून आले ते आता सांगतो. तुला हे कोणी सांगितलेलं नाही, मला ठाऊक आहे, कारण ज्यांना माहीत होतं त्यांनी माझ्यावर दया केली.

एकोणनव्वद सालच्या नोव्हेंबरची एक तारीख. तुझा बाप जाऊन वर्ष झालं होतं. मी संध्याकाळी सहा इंच माती टाकली, मोजली, सही केली, घरी गेलो. कायद्याप्रमाणे अगदी चोख. वारा सुटला आणि त्याने वरची कोरडी माती चाळणीतून काढावी तशी उडवून नेली. सकाळ उजाडली ती मृतांच्या दिवसाची. सगळं गाव झेंडूची फुलं आणि पाव घेऊन आपल्या स्मशानात आलं, आणि तुला माहीत आहे, स्मशान आपल्या कुंपणाला लागूनच. प्रत्येक क्रुसावर पिशव्या. कबरींवर लंगोट, डबे, कोंबड्यांची पिसं. लोक फुलं हातात धरून नुसते उभे. तू तापात घरी पडली होतीस. तुझी आई एकटी आली होती. तुझ्या बापाच्या दगडाला एक पिवळी पिशवी चिकटली होती. मी धावत गेलो, म्हटलं, कोमाद्रे, ताई, राहू द्या, मी काढतो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पिशवी स्वतः काढली, माती झटकली, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवली. मग फुलं ठेवली आणि गेली.

आम्ही सहा जणांनी अंधार पडेपर्यंत स्मशान वेचलं. दुसऱ्या दिवसापासून आठ इंच. वाऱ्यात फाटक बंद. सहा कायद्याचे, दोन त्या दिवसाचे. तुझी आई त्यावर मला आजतागायत एक शब्द बोलली नाही. नाताळला मक्याचे तमाले पाठवते, रस्त्यात भेटली तर हसते, पण ते मात्र कधी बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सत्तावीस वर्षं मी त्या पिशवीची वाट बघतोय.

आता सळई. तेही लिहूनच टाकतो. त्या बॅटऱ्यांच्या दिवशी काय झालं तुला अर्धंच आठवतंय. ट्रक आत गेला आणि तुला शंका आली. तू केबिन सोडून चर्चच्या बुटांनिशी ढिगावर धावत आलीस आणि त्या माणसाला ढकलून स्वतःच्या हातांनी नऊ बॅटऱ्या बाहेर काढल्यास. तेव्हाच मी ठरवलं की माझ्यानंतर हीच. पण काट्यावरच्या बाईला ढिगाचं काम शिकवतो म्हटलं असतं तर काउंटीने नाही म्हटलं असतं. शिक्षा म्हटल्यावर कोणी काही विचारत नाही. तुलाही सांगितलं नाही, कारण तू दुसऱ्याच दिवशी आईला सांगितलं असतंस आणि तिसऱ्या दिवशी साऱ्या गल्लीला. मी बाजूला उभा राहून शिक्षेची हजेरी मांडत नव्हतो. अवजारांच्या खोलीत वरच्या फळीवर निळे पत्र्याचे डबे आहेत, बारा. त्यात रोजचा कागद आहे. प्रत्येकावर लिहिलंय, "माती मोजली: ओरालिया लोंगोरिया, अर्धा तास," आणि खाली माझी सही. ते राज्याच्या ऑफिसात पाठव. ढिगावरची वर्षं आणखी कशाला म्हणतात?

सतरा तारखेला तीन तास मला विसर. डोळे उघडे ठेव. कागदावर सहा लिही, ढिगावर आठ टाक. त्यात मी खोटा पडत नाही. ज्याला सहा माहीत आहे त्यालाच कळतं की वरचे दोन कशासाठी.

आणि पुढच्या दाराने जा.

तुझा नीनो

•

लास पालोमितास
२ फेब्रुवारी २०१७

नीनो,

हात पुढे करा. दोन्ही.

पास! शंभरात एक्क्याण्णव! डोळे सताड उघडे ठेवले होते, पापणी लवली तरी दचकत होते. मातीचा प्रश्न याही वेळी आला. मी सहावर खूण केली आणि मनात म्हटलं, नीनो, बाकीचे दोन संध्याकाळी. तपासणारी बाई म्हणाली, तुम्ही हसताय का?

परवाना सोमवारी टपालाने आला. वर राज्याचा शिक्का, मध्ये माझं नाव, आणि नावाच्या खाली ठळक अक्षरांत "तात्पुरता". चेमोने तो दोन हातांनी धरून पाहिला आणि म्हणाला, "तात्पुरता तर काय, आपण सगळेच." त्याला झोप आली नाही, वाचता वाचता. फाटक उघडंच राहणार. कमिशनर बाई सांगायला आल्या, या वेळी गमबूट घालून. आज कँडलेरियाचा सण, आणि जानेवारीतल्या रोस्का केकमध्ये लपवलेली बाहुली चेमोच्याच तुकड्यात निघाली होती, तेव्हा रिवाजाप्रमाणे आजचे तमाले त्याच्याकडून. डुकराच्या मांसाचे तीन डझन आणले. डॉन फिदेन्सिओने खिडकीशी उभं राहून पाच खाल्ले आणि म्हणाला, "मी शिकवलं तिला."

डबे उघडले, नीनो. मी एकटीच गेले होते. पहिल्या डब्यातला पहिला कागद काढला आणि बॅटऱ्यांच्या दुसऱ्या दिवसाची तारीख पाहिली. मग खालीच बसले. बारा वर्षं मी तुमच्या नावाने खडे फोडले. पावसात फोडले, उन्हात फोडले, गुडघा सुजला तेव्हा तर मोठ्याने फोडले. आणि तुम्ही रोज माझं नाव लिहीत होता. थँक्यू म्हणायलाही लाज वाटते, इतकं ते लहान आहे, पण माझ्याकडे दुसरा शब्द नाही. थँक्यू, नीनो. सगळे कागद राज्याला पाठवले. त्यांच्या बाईने सगळे अर्धे तास जोडले आणि कळवलं की ढिगावरचा अनुभव बरोबर नऊ महिने भरतो. दोन वर्षांतून तेवढे वजा. मी हिरमुसले, बारा वर्षांचे नऊच महिने! आई म्हणाली, "नऊ महिने पुरतात गं. त्यात आख्खं माणूस तयार होतं."

आता आईचं. तुमचं डिसेंबरचं पत्र मी तिला वाचून दाखवलं नव्हतं. परवाना आल्यावर दाखवलं. झेंडूंपर्यंत आले तेव्हा ती उठून आतल्या खोलीत गेली. मला वाटलं, संपलं, मी काय करून बसले. ती कपाटातून देवाच्या मेणबत्त्यांचा डबा घेऊन आली आणि त्यातून पिवळी पिशवी काढली. चार घड्यांची. सत्तावीस वर्षं, नीनो. मी म्हटलं, आई, तू ही ठेवलीस का? एवढा राग होता का तुला नीनोंवर? ती म्हणाली, "राग कसला? तो माणूस अंधार पडेपर्यंत तुझ्या बाबाची कबर हाताने पुसत होता, मी रस्त्यावरून पाहिलं ना. मला भीती होती. टाकली असती तर वाऱ्याने पुन्हा तिथेच आणली असती. म्हणून जवळ ठेवली. त्याला काय बोलणार? तो विषय काढला असता तर बिचाऱ्याचं तोंड पडलं असतं."

तुम्ही दोघं! सत्तावीस वर्षं एकमेकांना जपत होता!

काल, माझ्या पहिल्या दिवशी, साडेचारला ती पर्स घेऊन डेपोवर आली. म्हणाली, "आता तू आहेस. आता टाकते." मी म्हटलं, आई, वजनाशिवाय काही आत जात नाही. तिला पिशवी घेऊन काट्यावर नेलं. पिशवी खाली ठेवायला लावली आणि तिला बाजूला उभं केलं. शून्य आलं. पावती फाडली, सोबत पाठवतेय, तुम्हीच ठेवा. मग आम्ही दोघी वर गेलो. तुमची टोपी माझ्या डोक्यावर होती, आतून धुतली आहे. आईने पिशवी त्या दिवसाच्या कचऱ्यावर ठेवली, वर एक दगड ठेवला, आणि चेमोने इतक्या हळू माती ओढली की मला वाटलं रोलर बंद पडला.

मग तिने माझ्या हातातून सळई घेतली. मी म्हटलं, आण, मी मोजते. नाही म्हणाली. दोन्ही हातांनी खुपसली, वाकली, चष्मा वर केला आणि बराच वेळ खुणेकडे बघत राहिली. कुंपणापलीकडे बाबांचा दगड दिसत होता. वारा होता, तरी काही उडत नव्हतं. मग ती सरळ झाली आणि मला म्हणाली,

"एवारिस्तोला लिही. म्हणावं, मी स्वतः मोजली. आठ भरली."

तुमची,
ओरालिया